आबांचं धुणं, माझं वाचन

आबा गेले त्या दिवशी त्यांचे गंजिफ्रॉक मी धुतले. त्याआधी मी ते कधी धुतले नव्हते. माणूस गेल्यावर घरातलं कापड धुवायचं असतं, म्हणून धुतले.

आबा म्हणजे माझे सासरे. जळगावच्या एका जिनात, कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात, त्यांची उमर गेली. गाडीतून उतरलेला कापूस मुठीत घ्यायचा, दोन बोटांनी त्याचा धागा ओढायचा आणि माल कसा आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. काम सोडलं तेव्हा जिनाच्या शेटजींनी त्यांना धोतरजोडी, काळी टोपी आणि तीन गंजिफ्रॉक दिले. विणीच्या मऊ कापडाचे, गोल गळ्याचे, अर्ध्या बाह्यांचे. तोवर आबांनी जन्मभर बंदांनी बांधायची बंडी घातली होती. शेटजींनी गंजिफ्रॉक अर्थातच सदऱ्याच्या आत घालायला दिले असणार. आबांना ते पटलं नाही. इतकं चांगलं कापड सदऱ्याखाली कोंडायचं म्हणजे सुनेला कोठीत बसवून ठेवण्यासारखं आहे, असं ते म्हणत. म्हणून खाली धोतर, वर गंजिफ्रॉक आणि डोक्यावर काळी टोपी अशा थाटात ते बाजारापर्यंत जाऊन येत. लोकांनी आधी पाहिलं, मग हसून घेतलं, मग सवय करून घेतली.

गंजिफ्रॉक हा आपल्या एरंडोलकडच्या कापसाचा आहे, असं त्यांनी बोटं फिरवून जाहीर केलं होतं. गळ्यामागे शिवलेल्या चिठीवर कुठल्या तरी दूरच्या गावाचं नाव छापलेलं होतं. मी ते वाचून दाखवलं. आबा जरा थांबले आणि म्हणाले, "चिठी तठली व्हई. कापूस आठलाच शे." चिठी तिकडची, कापूस इथलाच, असा निकाल लागला.

या कापडाचं धुणं हा आबांचा धर्म होता, आणि त्यात ते कर्मठ होते. पहिली गोष्ट, गंजिफ्रॉक उलटा करायचा. मळ आपल्या अंगाचा, तेव्हा तो आतून निघाला पाहिजे. बाहेरची बाजू लोकांसाठी आहे, तिला उगीच त्रास का? दुसरी गोष्ट, पाणी गार हवं. आमच्याकडे वैशाखात विहिरीतून काढलेलं पाणी बादलीत ठेवलं तरी चहाला चालेल असं होतं, म्हणून ती बादली कडुनिंबाखाली सावलीत बसवायची आणि तिच्यावर ओलं पोतं टाकायचं. सोडा आणि पापडखार यांना मज्जाव. रिठे भिजवून त्यांचा फेस करायचा, त्यात कापड बुडवून हातांनी दाबायचं. आपटायचं नाही, पिळायचं नाही. कोरड्या पंच्यात गुंडाळून वरून तळव्यांनी दाबत राहायचं, म्हणजे पंचा पाणी पिऊन घेतो. दाबताना ते कापडाशी बोलत असावेत असा मला संशय होता. ओठ हलत, पण विचारलं की ते रामनाम आहे असं सांगत.

वाळत घालणं हा आणखी वेगळा अध्याय. दोरीवर टांगलेलं विणीचं कापड आपल्याच पाण्याच्या ओझ्याने लांब होतं, म्हणून ते खाटेवर आडवं पसरायचं. ऊन नको, सावली हवी. सावली कडुनिंबाची, पण कडुनिंबावर कावळे आणि निंबोळ्या. म्हणून खाटेशेजारी बसून राखण करायची. इतकं करूनही कावळ्याने एखादा डाग टाकलाच, तर त्या कावळ्याचं खानदान आबा मागच्या पिढ्यांसकट उद्धारत. वाळलेलं कापड खुंटीला अडकवायचं नाही, पाठीवर खुंटीचं नाक येतं. घडी करून पेटीत, खाली वाळलेला कडुनिंबाचा पाला. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांना कचेरीचा वास येतो. आणि एक अंगावर, एक धुण्यात, तर तिसऱ्याने पेटीत विसावा घेतलाच पाहिजे. कापसालाही थकवा येतो, असं आबांचं मत होतं. शहाण्यासुरत्या गोष्टींत एखादी अशी बेमालूम मिसळून द्यायची त्यांना खोड होती, आणि मी पुस्तकं वाचलेली असूनही कोणती कुठली ते मला अजून नीट सांगता येणार नाही.

पण हे सगळं आबा स्वतः करत. अडचण तिथेच होती.

मी धुळ्याची. माझे वडील शाळामास्तर. त्यांनी मला शिकवलं, आणि त्यासाठी भावकीत बरंच ऐकून घेतलं. लग्न होऊन जळगावला आले तेव्हा सासूबाई गेल्या होत्या. घरात आबा आणि माझे यजमान, एवढीच माणसं. यजमान मालधक्क्यावर कारकून. ते उजाडायच्या सुमाराला बाहेर पडत, त्यामुळे पुढच्या हकिकतीत त्यांच्या साक्षीचा काही उपयोग नाही.

सासऱ्याचं धुणं सुनेने धुवायचं, हे सांगायला कुणी लागत नाही. पहिल्याच सकाळी मी आबांचे कपडे घ्यायला गेले, तर ते धुण्याच्या दगडावर बसून रिठे चोळत होते. आमचा दगड घरासमोर, ओट्याला लागून, गल्लीच्या विहिरीजवळ. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. मी पदर सावरून उभी राहिले. काय करावं कळेना. आबांनी मान वर न करता विचारलं, "तुले वाचता येस ना? मंग तू वाच. मी धुस."

आदल्या दिवशी डाकेने आलेलं वर्तमानपत्र ओट्यावर पडलं होतं. मी ते उचललं आणि वाचू लागले. तो दिवस आणि पुढची बरीच वर्षं.

हळूहळू मला कळलं की आबांना दिसत नाही. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकत आला होता. उजेड कळे, माणसाचा आकार कळे, बाकी सगळं धुक्यातलं. पूर्वी ते वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. आता ते हातात घेऊन नुसते बसत, हे मी एक-दोनदा पाहिलं होतं. जिनातल्या त्यांच्या एका सोबत्याने डोळे कापून घेतले होते आणि होता तो उजेडही घालवला होता. तेव्हापासून आबांनी ठरवलं होतं की ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये, आणि विशेषतः अक्कांच्या कानावर. अक्का म्हणजे माझी मोठी नणंद, धुळ्याला दिलेली. तिला कळलं तर ती आपल्याला गाडीत घालून नेईल आणि डॉक्टरपुढे बसवेल, असं ते म्हणत. त्यांनी माझ्याकडून तसं वचन घेतलं. वचन देताना ते मला फार सोपं वाटलं.

गल्लीला मात्र एवढंच दिसे: सासरा दगडावर बसून कपडे धुतोय, आणि शिकलेली सून ओट्यावर पाय सोडून वर्तमानपत्र वाचतेय. त्यात मी मोठ्याने वाचे, म्हणजे ज्यांना दिसलं नसतं त्यांनाही ऐकू जाई. समोरच्या काकू पाण्याला आल्या की घागर भरायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागे. एकदा त्या म्हणाल्या, "आज सासऱ्याला धुणं थोडंच दिलंस वाटतं." दुसऱ्या दिवशी, "वाचतेयस की पाळत ठेवतेयस गं?" मी मान खाली घालून पुढची बातमी वाचे. आबा हसत. त्यांना हसणं परवडत होतं.

मला परवडत नव्हतं, कारण धुळ्याला माझी धाकटी बहीण शाळेत जात होती. माहेरी सत्ता थोरल्या काकांची. मुलींना शिकवलं की त्या सासरी कामाच्या राहत नाहीत, असं त्यांचं म्हणणं, आणि माझ्या लग्नानंतर त्यांनी वडिलांना स्पष्ट सांगितलं होतं: थोरलीचं सासरी कसं चालतं ते पाहू, मग धाकटीच्या पुढच्या इयत्तेचं बोलू. माझ्या सासरचा एक वावगा शब्द धुळ्याला पोचला की बहिणीची पाटी फळीवर जाणार होती. आणि अक्कांचं घर माझ्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर होतं.

एरवी अक्का आणि मी एकमेकींना चुकवत असू, त्यात कुणाचा दोष नव्हता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. अक्का धुळ्याहून चाळीसगावमार्गे जळगावला येत आणि त्याच सुमाराला मी चाळीसगावमार्गे धुळ्याला जाई. घर एकच, बाया बदलत. चार दिवस अक्कांसमोर आबा आपलं धुणं बाजूला ठेवत, आणि न दिसणंही. ते त्यांना छान जमे. अक्का नवं लुगडं दाखवू लागल्या की आबा बोटांनी काठ चाचपत आणि म्हणत, "रंग झकास शे." कुठला रंग ते कधी सांगत नसत. अक्का खूश.

एका वर्षी मात्र माहेरी धाकट्या भावाला कांजिण्या आल्या आणि मला येऊ नको असा निरोप आला. त्या आखाजीला अक्का आल्या तेव्हा मी घरातच होते. आबांनी एरवीसारखा खाडा केला असता, पण अक्का दुपारी येतील असं धरून त्यांनी विसाव्याची पाळी चुकवली नाही. अक्का गाडीतून उतरून गल्लीत शिरल्या तेव्हा आबा दगडावर होते, मी ओट्यावर, आणि काकू विहिरीवर. काकूंनी घागर खाली ठेवली. असा योग रोज येत नाही.

अक्का माझ्याशी वाईट बोलल्या नाहीत. त्यांनी बोचकं ठेवलं, पाणी प्याल्या आणि एवढंच म्हणाल्या की धुळ्याला लोक विचारतात, वहिनी कशी आहे म्हणून. आता मी काय सांगायचं ते तूच सांग. मी आबांकडे पाहिलं. आबा फेसात हात घालून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. त्या वेळी मात्र ते रामनामच असावं. खरं कारण माझ्या जिभेवर होतं. ते सांगितलं असतं तर मी सुटले असते, बहीण सुटली असती. मी म्हणाले, "आबांना त्यांचं धुणं आवडतं." हे उत्तर किती पोकळ वाटलं ते अक्कांच्या भुवयांवरून कळलं.

दुसऱ्या दिवशी आबा दाढी करायला न्हाव्याकडे गेले, आणि अक्कांनी पदर खोचला. सून करत नाही तर लेक करील. त्यांनी पेटी उघडली. विसाव्याचा गंजिफ्रॉकसुद्धा बाहेर काढला. अक्कांच्या धुण्याची धुळ्यात ख्याती होती. त्यांच्या यजमानांचं धोतर जमिनीवर ठेवलं तर आपलं आपण उभं राहतं असं लोक सांगत, आणि मी ते पाहिलेलं आहे. त्यांनी हंड्यात पाणी उकळायला ठेवलं, त्यात मूठभर पापडखार टाकला आणि दोन्ही गंजिफ्रॉक आत सोडले. मी म्हणाले, अक्का, हे विणीचं कापड आहे, याला एवढं सोसत नाही. अक्का म्हणाल्या, "तू वाच. धुण्याचं मला कळतं." घरात हे वाक्य सगळ्यांनाच फार आवडत असे.

मग दगड, मग धोपाटणं. दोघींनी दोन टोकं धरून पीळ घालायचा म्हणून एक टोक माझ्या हातात दिलं. मग नीळ. नीळ नीट विरघळायला सवड द्यावी लागते, ती अक्कांपाशी नव्हती. शेवटी तांदळाची खळ, धोतराला देतात तशी, दाट. त्यांनी दोन्ही गंजिफ्रॉक खांद्यांना धरून झटकले आणि वैशाखाच्या उन्हात दोरीवर टांगले. मी चूल पाहून परत आले तोवर ते वाळले होते. दोरीवरून काढले तरी त्यांनी आपला आकार सोडला नाही. बाह्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या, घेर गुडघ्यापर्यंत उतरलेला, पाठीवर निळीचे ढग. अक्का जरा मागे सरून बघत राहिल्या. त्यांना ढग दिसले असावेत, पण एवढ्या कष्टांनंतर माणूस आपल्या कामाकडे लांबूनच पाहतं.

आबांनी हात लावला आणि हात तिथेच राहिला. मला वाटलं, आता काही तरी होणार. पण लेक चार दिवसांची माहेरवाशीण होती. ते म्हणाले, "झकास शे."

आखाजीच्या दिवशी त्यांनी त्यातलाच एक अंगात घातला. बाह्या चिकटलेल्या होत्या, त्या हात घालताना पापड मोडल्यासारख्या वाजल्या. पितरांच्या घागरीची पूजा करताना त्यांना वाकता येईना. पुढून ते वाकले तरी गंजिफ्रॉक मागे ताठ उभा. जेवायला मांडे आणि आंब्याचा रस. पहिला घास तोंडापर्यंत नेताना कोपर अडलं. अक्का आग्रह करत होत्या आणि आबा हाताऐवजी मान पुढे नेऊन जेवत होते. मी वाढता वाढता आत पळाले, कारण मला हसू येत होतं आणि रडूही.

जेवणानंतर उकाडा चढला. आबांना घाम फुटला, घामाने खळ भिजली, आणि दुपारी ते काढायला गेले तर गंजिफ्रॉक अंगाला पक्का चिकटलेला. वर काढवेना, खाली ओढवेना. त्वचा लाल झाली. शेवटी अक्कांनी त्यांना धरून बाहेर आणलं, दगडावर बसवलं आणि तांब्याने पाणी ओतू लागल्या. सणाची दुपार, कडुनिंबाला झोका बांधलेला, गल्लीभर माहेरवाशिणी. सगळ्या झोका सोडून आल्या. आबा भिजत बसले होते आणि हसत होते. अंगासकट धुणं आजच पाहिलं, असं काही तरी म्हणाले. काकू पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत.

अक्का मात्र रडकुंडीला आल्या. कापड सुटू लागलं तशी त्याची पाठ त्यांच्यापुढे आली. त्या म्हणाल्या, आबा, मी सगळी वाट लावली, एवढे निळे डाग पडलेत आणि तुम्ही दिवसभर तसेच लोकांत बसलात, मला सांगितलं का नाही?

आबांनी ओला घेर हातात धरून डोळ्यांजवळ नेला. ऊन रणरणत होतं.

"कोठे शे डाग?"

अक्कांचा तांब्या तसाच राहिला. डाग तळहाताएवढे होते आणि त्यांच्या नाकासमोर होते. त्या खाली बसल्या आणि त्यांनी आबांच्या तोंडापुढे बोटं धरली, मग दूर नेली. आबांनी मान वळवली नाही. त्यांना कळलं होतं, आपण पकडले गेलो.

"कधीपासून?" अक्कांनी विचारलं. आबा घेरातलं पाणी दाबून काढू लागले. मग अक्कांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "तुला ठाऊक होतं?" मी होय म्हटलं.

तेव्हा आबा बोलले. आवाज चढवला नाही, पण गल्ली गप्प होती, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "तिले काही म्हनू नको. मीच तिले बोलू दिधं नही. धुणं माले डोळाबिगर जमस. वाचणं जमत नही."

अक्का तांब्या घेऊन उठल्या. मग त्यांनी उरलेलं पाणी आबांच्या डोक्यावर ओतलं, जरा जोरातच.

दुसऱ्या सकाळी अक्काही ओट्यावर येऊन बसल्या. मी वाचत होते, आबा दोन्ही गंजिफ्रॉक गार पाण्यात भिजवून त्यांची खळ काढत होते. अक्कांना वर्तमानपत्र ऐकायची सवय नव्हती. दर बातमीला त्या विचारत, हे कोण, त्यांचं आपल्याला काय? आबा त्यांना गप्प करत. खळ निघाल्यावर त्यांनी कापड खाटेवर पसरलं आणि तळव्यांनी लांबीतून रुंदीत ढकलत बसले. पुष्कळ मागे आलं. निळे ढग गेले नाहीत, आणि घेर मांडीच्या वर आला नाही. पुढे तेच गंजिफ्रॉक आबांनी बाजारात मिरवले. हल्ली अशीच तऱ्हा आहे, असं ते सांगत.

डोळ्यांवरून अक्का आणि आबा यांचं भांडण मात्र त्या दिवशी सुरू झालं ते शेवटपर्यंत टिकलं. आबा डॉक्टरकडे गेले नाहीत. अक्का दर आखाजीला विषय काढत आणि आबा दर आखाजीला कापसाविषयी बोलू लागत.

अक्का धुळ्याला परत गेल्या, आणि पुढचे काही दिवस मी डाकेच्या वाटेकडे डोळे लावून होते. मग वडिलांचं पत्र आलं. अक्का आमच्या घरी येऊन काकांसमोर बसून बोलून गेल्या होत्या. म्हातारपणी आबांना रोज कोणी तरी वाचून दाखवावं अशी व्यवस्था आपण स्वतः जळगावला लावून आलो आहोत, असं त्यांनी सांगितलं. सून शिकलेली आहे म्हणून बरं, नाही तर त्या वेळात ती बिचारी धुणंच धुत बसली असती, असंही. बहिणीचं नाव पुढच्या इयत्तेत घातलं गेलं.

दुसरी मोठी लढाई आली तशी कापडावर नियंत्रण आलं. विणीचं कापड कुठे दिसेना. लोक फाटक्या बंड्यांना ठिगळं लावत होते तेव्हा आबांचे तीनही गंजिफ्रॉक धड होते. त्याचं श्रेय कशाला द्यायचं यावर घरात मतभेद होते. आबा ते विसाव्याला देत. अक्कांचं म्हणणं, त्या खळीनेच धाग्यात जीव आला.

शेवटच्या उन्हाळ्यात आबांना दगडापर्यंत जाववत नसे. तेव्हा ते खाटेवर पडून राहत आणि परात त्यांच्यापुढे ठेवावी लागे. रिठ्यांचा फेस मी करून देई. पुढे त्यात हात घालायची मला मुभा नव्हती. मी उशाशी बसून वाचे. कधी वाचता वाचता त्यांचे हात पाण्यातच थांबत आणि मला वाटे, झोप लागली. मी आवाज खाली आणला की ते हात पुन्हा हलवत.

माझी बहीण आता धुळ्याला मुलींच्या शाळेत शिकवते. घरातलं धुणं मी धुते. वर्तमानपत्र मी दुपारी वाचते, मनातल्या मनात. गल्लीत आता मला कुणी काही म्हणत नाही.